बिंग आणि गुपित : विकिलीक्स संस्थेचा इतिहास

आपल्या मराठी भाषेंत झांकलेल्या गोष्टीला दोन निरनिराळीं नांवें आहेत. एखाद्या लबाडाचें कपट उघडकीस आलें म्हणजे आपण म्हणतों, ‘त्याचें बिंग फुटलें,’ आणि हें म्हणतांना आपणांस समाधान वाटतें. परंतु मित्रानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट कोणी चारचौघांत बोलून दाखविली, तर ‘त्यानें गुपित फोडलें’ असें आपण म्हणतों, आणि त्या वेळीं आपल्या स्वरांत दोष देण्याचा भाव असतो. दोन्ही ठिकाणीं झांकलेलें उघडें झालें, क्रिया एकच घडली. मग एकीला आपण शाबासकी देतों आणि दुसरीला नांवें ठेवतों, तें कां? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास ज्या संस्थेचा इतिहास फार उपयोगीं पडतो, ती संस्था म्हणजे विकिलीक्स. सरकारांचे व मोठ्या पेढ्यांचे गुप्त कागद इंटरनेटवर प्रसिद्ध करणें हें तिचें काम. २०१० सालीं तिचें नांव जगांतील बहुतेक वर्तमानपत्रांत रोज झळकत होतें, हें पालकांस आठवत असेल. विद्यार्थ्यांस मात्र ही हकीकत आरंभापासून सांगितली पाहिजे.

गुप्त कागद उघड करण्याची कल्पना कांहीं नवी नव्हे. व्हिएतनाममधील युद्धाविषयीं अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें सुमारें ७,००० पानांचा एक गुप्त इतिहास लिहविला होता. सरकार लोकांना एक सांगत होतें आणि मनांत दुसरेंच मानीत होतें, हें त्या पानांवरून स्पष्ट दिसत होतें. त्या इतिहासाच्या कामांत भाग घेतलेले डॅनियल एल्सबर्ग यांनीं १९६९ सालापासून त्या पानांच्या प्रती काढल्या, आणि १९७१ च्या जून महिन्यांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या पत्रानें त्यांतील मजकूर छापण्यास आरंभ केला. सरकारनें न्यायालयाकडे मनाई हुकूम मागितला; परंतु ३० जून १९७१ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं निकाल पत्राच्या बाजूनें दिला. ह्या कथेंतील एक लहानशी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. शांततेच्या वाटाघाटींविषयींचे चार खंड एल्सबर्ग यांनीं त्या वेळीं वर्तमानपत्रांस दिलेच नाहींत; चालू असलेल्या वाटाघाटींस धक्का लागूं नये, अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे ज्यानें बिंग फोडलें, त्यानेंच कांहीं भाग गुपित समजून राखून ठेविला.

एल्सबर्ग यांना एकेक पान यंत्रावर ठेवून प्रत काढावी लागली. पुढील पस्तीस वर्षांत मात्र सारें पालटलें. जे कागद नेण्यास पूर्वीं पेटारे लागले असते, ते आतां बोटाएवढ्या वस्तूंत मावूं लागले आणि एका क्षणांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास पोहोंचूं लागले. ह्या नव्या साधनाचा उपयोग करण्याकरितां विकिलीक्सचा जन्म झाला. ४ ऑक्टोबर २००६ रोजीं तिच्या संकेतस्थळाचें नांव नोंदविलें गेलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तिचा पहिला कागद प्रसिद्ध झाला. ‘विकी’ हा हवाई बेटांच्या भाषेंतील शब्द असून त्याचा अर्थ ‘जलद’ असा आहे. ‘लीक’ म्हणजे गळणें. नांवांत साम्य असलें तरी विकिपीडिया या ज्ञानकोशाशीं या संस्थेचा कांहीं संबंध नाहीं.

संस्थेचे प्रमुख जूलियन असांज यांचा जन्म ३ जुलै १९७१ रोजीं ऑस्ट्रेलियांतील टाउन्सव्हिल या गांवीं झाला. तरुणपणीं ते परक्यांच्या संगणकांत शिरण्याच्या नादीं लागले होते, आणि त्याबद्दल १९९६ सालीं न्यायालयापुढें त्यांनीं अपराध कबूल केला होता. कुलुपें उघडणाऱ्यासच चांगलें कुलूप करतां येतें, असें म्हणतात. त्याप्रमाणें असांज यांनीं आपल्या विद्येचा उपयोग कागद पाठविणाराचें नांव झांकण्याकडे केला. पाठविलेला मजकूर सांकेतिक लिपींत बदलला जाई आणि अनेक संगणकांमधून वळसे घेत संस्थेकडे येई. त्यामुळें तो कोणी पाठविला हें संस्थेसही कळूं नये, अशी योजना होती. शिवाय एकाच देशांत सर्व मजकूर ठेविला, तर तेथील सरकार तो एका हुकुमानें बंद करील; म्हणून त्याच्या प्रती निरनिराळ्या देशांत ठेवीत. २०१० सालीं संस्थेचे कांहीं सर्व्हर स्टॉकहोम शहराखालीं, खडक फोडून केलेल्या एका जुन्या संरक्षक भुयारांत होते.

पहिल्या तीन वर्षांत संस्थेनें जें केलें, त्यास बहुतेक लोक बिंग फोडणें असेंच म्हणतील. २००७ सालीं तिनें आफ्रिकेंतील केनिया देशाचे माजी अध्यक्ष डॅनियल अराप मोई यांच्या कारकीर्दींतील भ्रष्टाचाराविषयींचा एक दडपून ठेविलेला अहवाल प्रसिद्ध केला. त्याच देशांत पोलिसांच्या हातून न्यायालयाबाहेर झालेल्या हत्यांची माहिती तिनें उजेडांत आणली, आणि त्याबद्दल २००९ सालीं ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेनें तिला पारितोषिक दिलें. २००८ च्या फेब्रुवारींत एका स्विस बँकेनें आपले कागद उघड झाल्यावरून कॅलिफोर्नियांत दावा लाविला. न्यायाधीशांनीं प्रथम संकेतस्थळाचें नांवच बंद करण्याचा हुकूम दिला. परंतु दुसऱ्या देशांतील पत्त्यांवर तेच कागद वाचावयास मिळत राहिले, आणि थोड्याच दिवसांत तो हुकूम मागें घेण्यांत आला.

आइसलँड देशांतील प्रसंग तर विशेष मनोरंजक आहे. २००८ च्या ऑक्टोबरांत त्या चिमुकल्या देशाच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. पुढल्या वर्षीं विकिलीक्सनें त्यांपैकीं काउपथिंग या बँकेच्या मोठमोठ्या कर्जांची यादी प्रसिद्ध केली. तेथील राष्ट्रीय दूरदर्शनवर ही बातमी सांगावयाची होती, इतक्यांत न्यायालयाचा मनाई हुकूम आला. तेव्हां वृत्तनिवेदकानें बातमीऐवजीं विकिलीक्सचा पत्ताच प्रेक्षकांस दाखविला! ज्यांचे पैसे बुडाले होते, त्यांनीं ते कसे बुडाले हें घरीं बसून वाचलें.

यानंतर २०१० साल उजाडलें. इराकमध्यें अमेरिकन सैन्याच्या माहिती विभागांत चेल्सी मॅनिंग (त्या वेळीं ब्रॅडली या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या) नोकरीस होत्या. वय अवघें बावीस वर्षांचें. त्यांच्या टेबलावरील संगणकांतून लाखों गुप्त कागद दिसत. त्यांनीं ते उतरवून घेऊन विकिलीक्सकडे पाठविले. त्यांतील एक चित्रफीत संस्थेनें ५ एप्रिल २०१० रोजीं प्रसिद्ध केली. ती १२ जुलै २००७ रोजीं बगदाद शहरावर उडणाऱ्या एका लढाऊ हेलिकॉप्टरांतून घेतलेली होती. खालीं रस्त्यावर कांहीं माणसें उभीं आहेत, वरून गोळ्या सुटतात, आणि माणसें पडतात. मेलेल्यांत रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार नमीर नूर-एल्दीन आणि त्यांचे सहकारी सईद च्माघ हे होते. जखमी माणसास उचलण्याकरितां एक मोटार आली; तिच्यावरही गोळ्या झाडण्यांत आल्या, आणि तींत बसलेलीं दोन लहान मुलें जखमी झालीं. त्या घोळक्यांत कांहीं जण सशस्त्र होते व सैनिकांनीं युद्धाचे नियम मोडले नाहींत, असा निर्णय लष्करी चौकशींत झाला होता. परंतु मृतांच्या वृत्तसंस्थेनें ही चित्रफीत कायदेशीर मार्गानें मागितली असतां ती तिला मिळाली नव्हती, हें विसरतां येत नाहीं. सरळ दार बंद झालें कीं लोक खिडकी फोडतात.

त्याच वर्षीं २५ जुलै रोजीं अफगाणिस्तानांतील युद्धाचे सुमारें ७५,००० आणि २२ ऑक्टोबर रोजीं इराकमधील युद्धाचे ३,९१,८३२ अहवाल प्रसिद्ध झाले. इराकमध्यें मेलेल्या सामान्य नागरिकांची मोजदाद ठेवणाऱ्या एका स्वतंत्र संस्थेस ह्या कागदांत पूर्वीं कोठेंही नोंद न झालेले सुमारें १५,००० मृत्यु आढळले. वाचकहो, पंधरा हजार माणसें मेलीं आणि जगाच्या हिशेबांत तीं नव्हतीं! त्यांच्या आईबापांस, मुलांस तीं ठाऊक होतीं. जगास ह्या कागदांनीं ठाऊक करून दिलीं. विकिलीक्सच्या पक्षाला याहून बळकट पुरावा आम्हांस माहीत नाहीं.

परंतु येथेंच दुसरी बाजू सुरू होते. अफगाणिस्तानच्या अहवालांपैकीं सुमारें १५,००० संस्थेनें राखून ठेविले होते खरे. तरी प्रसिद्ध झालेल्या कागदांत परकीय सैन्यास माहिती देणाऱ्या कांहीं गांवकऱ्यांचीं नांवें राहून गेलीं होतीं. तालिबानच्या हातीं असें नांव पडणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. मानवी हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्थांनींच, म्हणजे विकिलीक्सच्या मित्रांनींच, याबद्दल तिला दोष दिला. पुढें २०१३ सालीं मॅनिंग यांच्या खटल्यांत, ह्या कागदांमुळें अमुक एक माणूस मारला गेला, असें उदाहरण सरकारच्या साक्षीदारास दाखवितां आलें नाहीं. ही गोष्ट न्यायाची म्हणून सांगितलीच पाहिजे. तथापि विस्तवाजवळ ठेविलेलें गवत पेटलें नाहीं, म्हणून तें तेथें ठेवणें शहाणपणाचें होतें असें होत नाहीं. संस्थेनेंही यापासून धडा घेतला. इराकच्या अहवालांतील नांवें तिनें पुष्कळ काळजीपूर्वक गाळलीं.

२८ नोव्हेंबर २०१० पासून सर्वांत मोठा संग्रह बाहेर पडूं लागला. निरनिराळ्या देशांतील अमेरिकन वकिलातींनीं १९६६ पासून २०१० पर्यंत पाठविलेल्या २,५१,२८७ तारा त्यांत होत्या. राजदूत आपल्या सरकारास खाजगी रीतीनें काय कळवितात, हें सामान्य माणसास प्रथमच इतक्या विस्तारानें वाचावयास मिळालें. इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, फ्रान्स व स्पेन येथील पांच वर्तमानपत्रांनीं मिळून हें काम केलें. ज्या तारेंत एखाद्याच्या जिवास अपाय होईल असें नांव असेल, तें खोडून, थोड्याथोड्या तारा छापण्याची पद्धति त्यांनीं ठेविली. आमच्या मतें विकिलीक्सच्या इतिहासांतील हाच भाग सर्वांत अनुकरणीय आहे.

हिंदुस्थानाशींही ह्या तारांचा संबंध आला. दिल्ली, मुंबई, चेन्नई इत्यादि ठिकाणच्या अमेरिकन कचेऱ्यांतून गेलेल्या तारा त्यांत होत्या, आणि मद्रासेच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, ‘द हिंदू’ या पत्रानें २०११ च्या मार्च महिन्यांत त्या छापण्यास आरंभ केला. २००८ च्या जुलै महिन्यांत लोकसभेंतील विश्वासदर्शक ठरावाच्या वेळीं मतांसाठीं पैसे तयार ठेविल्याचा उल्लेख एका तारेंत होता. त्यावरून संसदेंत मोठा गदारोळ झाला. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीं आरोप नाकारला, आणि अशा तारांची सत्यता सरकारला पडताळून पाहतां येत नाहीं, असें सांगितलें. येथें विद्यार्थ्यांनीं एक भेद शिकण्यासारखा आहे. तार खरी असली, तरी तींत लिहिलेली गोष्ट खरी असतेच असें नाहीं. अमुक अधिकाऱ्यानें अमुक ऐकलें, एवढेंच ती सिद्ध करते. ऐकीव गोष्ट गुप्त शिक्क्याच्या कागदावर लिहिली, म्हणून ती वेदवाक्य होत नाहीं.

अमेरिकन सरकारचा रोष आतां अनावर झाला. २०१० च्या डिसेंबरांत ॲमेझॉननें संस्थेस आपल्या संगणकांवरून दूर केलें, आणि व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल यांनीं तिच्याकडे जाणाऱ्या देणग्या थांबविल्या. परंतु जगभरच्या हितचिंतकांनीं तिच्या संकेतस्थळाच्या शेंकडों प्रती उभ्या केल्या. जें एकदां इंटरनेटवर गेलें तें परत बोलावतां येत नाहीं, हा नियम ह्या वेळीं संस्थेच्या उपयोगीं पडला. पण लवकरच तोच नियम दुसऱ्यांच्या गळ्यास फांस झाला. सर्व तारांचा न खोडलेला संग्रह सांकेतिक लिपींत बंद करून ठेविलेला होता. त्याचा परवलीचा शब्द, तो आतां निरुपयोगी झाला आहे अशा समजुतीनें, दोन इंग्रज पत्रकारांनीं २०११ च्या फेब्रुवारींत आपल्या पुस्तकांत छापला. आणि बंद संग्रहाच्या प्रती तर इंटरनेटवर फिरत होत्या. कुलूप एकीकडे, किल्ली दुसरीकडे. दोहोंची गांठ पडण्यास वेळ लागला नाहीं. २ सप्टेंबर २०११ रोजीं विकिलीक्सनें सर्वच्या सर्व तारा नांवें न खोडतां प्रसिद्ध केल्या. तिच्याबरोबर काम केलेल्या वर्तमानपत्रांनीं ह्या कृत्याचा निषेध केला. त्याच महिन्यांत इथिओपियांतील एका वार्ताहरास, एका तारेंत त्याचें नांव सांपडल्यामुळें, अधिकाऱ्यांच्या चौकशीस तोंड देऊन अखेर देश सोडून पळावें लागलें. तो कोणी मंत्री नव्हता, कीं सेनापति नव्हता. बिंग दुसऱ्यांचें फुटलें आणि घर ह्याचें मोडलें.

असाच प्रकार पुढेंही घडला. सौदी अरेबियाच्या परराष्ट्र खात्याचे कागद २०१५ सालापासून प्रसिद्ध झाले. त्यांत सामान्य नागरिकांच्या आजारपणाच्या व घरगुती अडचणींच्या नोंदी तशाच राहिल्या, हें एका वृत्तसंस्थेनें २०१६ सालीं दाखवून दिलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत अध्यक्षाची निवडणूक चालू असतां, डेमोक्रॅटिक पक्षाचीं हजारों खाजगी पत्रें विकिलीक्सनें प्रसिद्ध केलीं. तीं पत्रें रशियाच्या लष्करी हेरखात्यानें चोरून पुरविलीं होतीं, असा निष्कर्ष अमेरिकेंतील अधिकृत चौकशीच्या २०१९ सालच्या अहवालांत काढण्यांत आला. आपणांस तीं रशियन सरकारकडून मिळालीं नाहींत, असें असांज म्हणत होते. पण ह्यावरून एक प्रश्न उभा राहतो. कागद देणाराचें नांव जाणून घ्यावयाचेंच नाहीं, असा नियम केला, तर दुर्बळाप्रमाणें बलाढ्यालाही आपला स्वार्थ त्याच दारानें साधतां येतो.

ह्या सर्व व्यवहाराची किंमत कोणी दिली, तेंही पाहूं. चेल्सी मॅनिंग यांना २०१० च्या मे महिन्यांत अटक झाली आणि ऑगस्ट २०१३ मध्यें ३५ वर्षांची शिक्षा झाली. अध्यक्ष ओबामा यांनीं ती कमी केल्यामुळें १७ मे २०१७ रोजीं त्या सुटल्या. असांज यांच्यावर स्वीडनमध्यें वेगळ्या तक्रारी होत्या, व त्यासाठीं त्यांस तिकडे पाठविण्याचा निर्णय ब्रिटिश न्यायालयांनीं दिला होता. स्वीडनमधून आपणांस अमेरिकेच्या स्वाधीन केलें जाईल, ह्या भीतीनें जून २०१२ मध्यें त्यांनीं लंडनमधील इक्वेडोरच्या वकिलातींत आश्रय घेतला. जवळजवळ सात वर्षें त्यांनीं त्या कांहीं खोल्यांत काढलीं. ११ एप्रिल २०१९ रोजीं आश्रय संपला व त्यांना तेथून बाहेर ओढून तुरुंगांत नेण्यांत आलें. स्वीडनची चौकशी त्याच वर्षीं बंद झाली. परंतु अमेरिकेनें त्यांच्यावर अठरा आरोप ठेविले होते, आणि त्यांतील सतरा १९१७ सालच्या हेरगिरीच्या कायद्याखालचे होते. मिळालेली गुप्त माहिती छापणें हीच हेरगिरी ठरली, तर उद्यां कोणत्याही वर्तमानपत्राची धडगत नाहीं, अशी भीति पत्रकारांनीं व्यक्त केली. आणि ती भीति आम्हांस निराधार वाटत नाहीं. अखेर तडजोड झाली. २६ जून २०२४ रोजीं प्रशांत महासागरांतील सायपान बेटावरच्या अमेरिकन न्यायालयांत असांज यांनीं एक आरोप कबूल केला. लंडनच्या तुरुंगांत काढलेलीं पांच वर्षें हीच शिक्षा मानून त्यांना मुक्त करण्यांत आलें, आणि त्याच दिवशीं ते मायदेशीं पोहोंचले.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. बिंग कोणतें आणि गुपित कोणतें? आम्हांस असें दिसतें कीं, ज्याच्या हातीं सत्ता आहे त्यानें त्या सत्तेचा गैरवापर झांकण्याकरितां जें लपविलें, तें बिंग होय; आणि ज्याच्या हातीं सत्ता नाहीं त्यानें आपला जीव, आपली अब्रू किंवा आपलें दुःख सांभाळण्याकरितां जें लपविलें, तें गुपित होय. अडचण ही कीं, दोन्ही पुष्कळदां एकाच कागदावर लिहिलेलीं असतात. वरच्या ओळींत सेनापतीचा अपराध आणि खालच्या ओळींत गरीब गांवकऱ्याचें नांव! म्हणून कागद मिळविणें व छापणें हें अर्धेंच काम आहे. ओळ न् ओळ वाचून निवडणें, धान्यांतून खडे काढावे तसें, हें उरलेलें अर्धें. सरकार स्वतःच्या अपराधाचा न्याय करण्यास योग्य नाहीं, हें खरेंच. पण ज्यास कोणी विचारणारा नाहीं, असा प्रकाशकही त्या कामास तितकाच अयोग्य आहे. विकिलीक्सनें जेव्हां निवडलें, तेव्हां जगाचें कल्याण झालें. जेव्हां निवडण्याचा कंटाळा केला, तेव्हां निरपराध्यांस भोगावें लागलें.

आपल्या देशांत १९२३ सालचा सरकारी गुपितांचा कायदा आहे, तसाच २००५ सालचा माहितीच्या अधिकाराचा कायदाही आहे. ह्या दुसऱ्या कायद्यांत, कांहीं माहिती देऊं नये असें सांगितलें आहे. पण लोकहित हानीपेक्षां मोठें असेल तर ती द्यावी, आणि झांकण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेला द्यावा, असेंही सांगितलें आहे. म्हणजे तोलणें आणि निवडणें हेंच त्याचें सार. दहा रुपयांच्या अर्जानें केंद्र सरकारच्या कचेरीचें दार ठोठावतां येतें, हें प्रत्येक मोठ्या विद्यार्थ्यास ठाऊक असावें. सरळ दार जितकें उघडें राहील, तितकी खिडकी फोडण्याची गरज कमी पडेल.

हा धडा केवळ सरकारांकरितां नाहीं. आज प्रत्येक घरीं मोबाईल आहे, आणि दुसऱ्याचें पत्र, छायाचित्र किंवा चूक शेंकडों लोकांस पाठविण्याची शक्ति लहान मुलाच्याही अंगठ्यांत आली आहे. ही शक्ति एल्सबर्ग यांच्याजवळही नव्हती. पाठविण्यापूर्वीं क्षणभर थांबून विचारावें : ह्यांत अन्याय करणाराचें बिंग आहे, कीं दुबळ्याचें गुपित? अन्याय असेल, तर भिऊं नये. आईबापांस, शिक्षकांस स्पष्ट सांगावें. गुपित असेल, तर तें आपल्यापाशींच संपवावें.

विचार करण्याजोगे प्रश्न : (१) एल्सबर्ग यांनीं चार खंड राखून ठेविले, हें योग्य कीं अयोग्य? (२) बगदादची चित्रफीत वृत्तसंस्थेस कायदेशीर मार्गानें मिळाली असती, तर पुढील घटनांत काय फरक पडला असता? (३) ‘तार खरी, पण तारेंतील गोष्ट खरी असेलच असें नाहीं’ ह्या वाक्याचें एक उदाहरण आपल्या रोजच्या अनुभवांतून द्या.